डॉक्टरांची जीभ आणि रयतेचा जीव

दवाखान्याची पायरी चढतांना आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या पोटांत जो गोळा उठतो तो सुईच्या भीतीनें उठत नाहीं. विळ्यानें बोट कापलें तर चिंधी बांधून पुढची पेंढी आंवळणारा गडी सुईला काय भिणार? चुलीचे चटके आणि बाळंतपणाच्या कळा सोसलेली बाई चार टांक्यांना काय भिणार? तो गोळा उठतो डॉक्टरांच्या जिभेच्या भीतीनें. "आतां सुचलें होय यायला?" "गप पड, हलूं नको!" "तुला सांगून काय कळणार आहे?" असे शब्द एरवीं कोणी बोलला तर आमचा माणूस दोन शब्द परत देईल. पण अंगावरचें लुगडें अर्धें सरकलेलें आहे, हात सिस्टरच्या मुठींत आहे, घशांत नळी आहे, अशा वेळीं तो काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कांहीं शहाणे म्हणतील कीं, दुभत्या गाईच्या लाथा गोड मानाव्या. डॉक्टर बोलला तर बोलला, गुण आला म्हणजे झालें. आम्ही म्हणतों, गोष्ट इतकी सोपी नाहीं. उर्मट जीभ ही नुसती वाईट चाल नव्हे, तो वाईट इलाज आहे. जेथें माणसाचा अपमान होतो तेथें माणूस खरें सांगत नाहीं, आणि जेथें खरें सांगितलें जात नाहीं तेथें धन्वंतरीचाही इलाज चुकतो.

उदाहरणें पाहा. शस्त्रक्रियेपूर्वीं उपाशी राहावयास सांगतात. कारण, पोटांत अन्न असतां भूल दिली तर बेशुद्धींत तें उलटून श्वासाच्या नळींतून फुप्फुसांत जाऊं शकतें व जीवावर बेततें. हें कारण कोणी नीट समजावून सांगितलें नाहीं, म्हणून बाईनें पहांटे निघतांना भाकरीचे चार घांस खाल्ले. टेबलावर घेतांना कोणी खेंकसून विचारलें, "कांहीं खाल्लंस तर नाहीं ना?" ती भिऊन म्हणते, "नाहीं." त्या एका "नाहीं"त तिचा जीव जाऊं शकतो. क्षयाचा रोगी मजुरीसाठीं परगांवीं गेला, पंधरा दिवस गोळ्या चुकल्या. परत आल्यावर चारचौघांत त्याची हजेरी घेतली, तर तो पुन्हां दवाखान्याचें तोंड पाहात नाहीं. अर्धवट औषधानें क्षयाचे जंतु निर्ढावतात आणि मग तोच रोग घरांतील लेंकरांना साध्या गोळ्यांना दाद न देणारा होऊन लागतो. सर्पदंश झालेला माणूस आधीं मांत्रिकाकडे गेला असेल, तर शिव्या चुकवण्यासाठीं तो दंशाची वेळ खोटी सांगतो. डॉक्टरसाहेबांनीं अडाणीपणावर राग काढला खरा, पण त्या रागानें अडाणीपणा कमी झाला नाहीं. तो फक्त लपून बसला.

शिवाय दुखण्याचाही हिशेब आहे. भ्यालेला माणूस अंग आंवळतो. आंवळलेल्या दंडांत सुई जास्त दुखते. आंवळलेल्या घशांतून दुर्बिणीची नळी सुखानें उतरत नाहीं. आंतली तपासणी करतांना बाईनें अंग चोरलें तर तिला वेदना दुप्पट आणि डॉक्टरांना कांहीं धड कळत नाहीं. हें आमच्या नालबंदाला ठाऊक आहे. बैलाला पत्र्या मारावयाच्या तर तो बैल पाडतो, पाय बांधतो, पण धनी बैलाच्या डोक्याशीं बसून त्याच्या कपाळावरून हात फिरवीत असतो, नांव घेऊन बोलत असतो. जनावराला शब्द कळत नाहींत, पण आवाज कळतो. जें बैलाला मिळतें तें बैलाच्या धन्याला दवाखान्यांत मिळूं नये काय?

आम्ही एकाच बाजूचें बोलतों असें कोणी म्हणूं नये. सरकारी दवाखान्यांतील डॉक्टरांचें ओझें आम्ही जाणतों. बाहेर दोनशें माणसांची रांग, आंत एक डॉक्टर, रात्रभर जागलेला, औषधें संपलेलीं, वरून साहेबांची तपासणी. अमेरिकेंत १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें होतें कीं, रोगी आपलें दुखणें सांगूं लागला कीं सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याचें बोलणें तोडतात. २०१७ सालीं निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा एक ताळा प्रसिद्ध झाला. त्यांत डॉक्टर एका रोग्याला स्वीडन देशांत सरासरी २२ मिनिटें देतो, तर आपल्या देशांत सुमारें २ मिनिटें, असें दिसलें. जागा रिकाम्या ठेवणारें सरकार या पापाचें पहिलें वांटेकरी आहे. परंतु एक प्रश्न आम्ही डॉक्टरांना विचारतों. "आतां सुई टोंचतों हं, थोडें दुखेल" असें म्हणावयास "गप पड, हलूं नको" यापेक्षां असा किती वेळ जास्त लागतो? गोड शब्दाला निराळा पगार द्यावा लागत नाहीं, आणि त्याचा सांठा कधीं संपत नाहीं.

सर्वांत जास्त हा जुलूम होतो तो प्रसूतीच्या खोलींत. कळा देणाऱ्या बाईला ओरडली म्हणून मांडीवर चापट मारणें, नवराबायकोच्या खासगी गोष्टींवरून टोमणे मारणें, चौथी मुलगी झाली म्हणून तिलाच दोष देणें! जे शब्द तेथें उच्चारले जातात ते या पत्रांत छापण्याची आमची तयारी नाहीं. ही कांहीं आमच्याच मुलखाची गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं जाहीर पत्रक काढून सांगितलें कीं, जगभर दवाखान्यांत बाळंतिणींचा अपमान व छळ होतो, तो बंद झाला पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनें २०१६ सालीं सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळीं एक सोबतीण जवळ ठेवण्यास परवानगी दिली. जिनें स्वतः बाळंतपण अनुभवलें आहे अशी आई, सासू, बहीण तेथें उभी राहूं शकते. २०१७ च्या डिसेंबरांत 'लक्ष्य' नांवाची योजना निघाली, तिच्यांतही बाळंतिणीला सन्मानानें वागविण्याचा दंडक आहे. पण कागदावरचा दंडक खोलीच्या दारांतून आंत शिरण्यास आमच्या बायांच्या तोंडूनच मागणी व्हावी लागते. "माझी आई माझ्याजवळ राहील" हें वाक्य प्रत्येक गरोदर बाईनें नवव्या महिन्याआधींच पाठ करावें.

जबरदस्तीच्या तपासणीचें फळ काय येतें हें पुण्यानें १८९७ सालीं पाहिलें आहे. प्लेगच्या सांथींत रँडसाहेबाच्या अंमलाखालीं गोरे सोजीर घरांत घुसत, बायामाणसांची चारचौघांत तपासणी होई. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसें लपवूं लागले आणि सांथ विझण्याऐवजीं घरांत दडून राहिली. त्याच वर्षीं, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर माळावर सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होते. मुंढव्याकडील वस्तींतून एका आजारी पोराला सावित्रीबाईंनीं स्वतः उचलून आणलें, त्यांतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. रोग एकच, वर्ष एकच. एकीकडे सक्तीच्या धाकानें लोक रोगी लपवीत होते. दुसरीकडे ज्या रोग्याला कोणी शिवायला धजत नव्हतें त्याला पाठीवर घेणारी माउली होती. माणूस कोणापासून पळतो व कोणाच्या हातीं आपला जीव देतो, हें यापेक्षां जास्त उघड करून सांगावयास नको.

आतां थोडें आमच्याच घरचें बोलतों. पूर्वीं पोथी संस्कृतांत होती. अर्थ विचारला तर "तुला काय कळतें" असें उत्तर मिळे, आणि दक्षणा मात्र मुकाट्यानें द्यावी लागे. त्या उत्तराविरुद्ध आमचे वाडवडील झगडले. आज केसपेपर इंग्रजींत आहे, अर्थ विचारला तर उत्तर तेंच आहे, आणि फी मुकाट्यानेंच द्यावयाची आहे! पण येथें एक फरक आहे. आज त्या खुर्चीवर बसणारा पुष्कळदां आमचाच मुलगा असतो. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत बोर्डिंग काढण्यास आरंभ केला, त्या वाटेनें खेड्यापाड्यांतील पोरें शिकलीं, आईबापांनीं म्हैस विकून, रान गहाण टाकून त्यांना डॉक्टर केलें. तो मुलगा जेव्हां आपल्या बापाच्या वयाच्या म्हाताऱ्याला "ए, शर्ट काढ" म्हणतो, तेव्हां हा दोष जातीचा नसून खुर्चीचा आहे हें आम्हांस कबूल करावें लागतें. "तूं" हा शब्द वाईट नाहीं. आईला आपण तूंच म्हणतों. पण आईच्या "तूं"मध्यें जो ओलावा असतो तो तपासणीच्या टेबलावरच्या "तूं"मध्यें नसतो, आणि हें आंधळ्या म्हाताऱ्यालाही कानानें कळतें. २०१९ पासून डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांना वर्तन, नीति व रोग्याशीं बोलणें हा निराळा विषय ठेवला आहे, ही गोष्ट स्तुत्य आहे. पण ज्या बोर्डिंगवाल्या मुलाला हा विषय पुस्तकांतून शिकावा लागतो त्यानें सुटींत गांवीं येऊन आपल्याच आईला केसपेपर समजावून सांगावा. तिला कळला तर तो पास झाला.

अर्थ न सांगण्याचा परिणाम केवळ अपमानावर थांबत नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनें काढल्या गेल्याचा बोभाटा २०१९ सालीं झाला. सरकारी पाहणींत ८२ हजारांवर बायांपैकीं १३ हजारांहून जास्त बायांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. फडावर एक दिवस खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, आणि दवाखान्यांत "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल" असें ऐकविलें जातें. या दोहोंच्या कात्रींत सांपडलेली बाई दुसरा प्रश्न विचारूं शकली नाहीं. वास्तविक कायदा तिच्या बाजूला होता. समीरा कोहली यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, तपासणीसाठीं दिलेली संमति ही अवयव काढण्याची संमति नव्हे. जीव वांचविण्याची तातडी नसेल तर रोग्याला शुद्धीवर असतां समजावून सांगून त्याचीच संमति घेतली पाहिजे. म्हणजे कागदावर अंगठा घेणें म्हणजे संमति नव्हे. अंगठ्याआधीं समजूत आली पाहिजे.

तेव्हां बंधुभगिनींनो, रडत बसून उपयोग नाहीं. कांहीं गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पहिली गोष्ट, दवाखान्यांत एकट्यानें जाऊं नये. घरांतील लिहितांवाचतां येणारें एक माणूस, मग ती आठवींतली मुलगी कां असेना, कागद-पेन्सिल घेऊन बरोबर असावें. दुखणें केव्हां सुरू झालें, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणतें औषध पूर्वीं अंगावर उठलें, हें घरींच लिहून न्यावें. दोन मिनिटांत जें सांगावयाचें तें आधीं ठरलेलें असलें म्हणजे डॉक्टरांचाही वेळ वांचतो. बाईची तपासणी पुरुष डॉक्टर करीत असेल तर तेथें दुसरी स्त्री हजर असावी, हा तिचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २०१८ सालीं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेंत तो लिहिलेला आहे.

दुसरी गोष्ट, हत्यार अंगाला लागण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. हें काय करणार? कशासाठीं? दुखेल तर किती वेळ? न केलें तर काय होईल? शिंपी कापडाला कातरी लावण्यापूर्वीं विचारतो, सुतार लांकूड कापण्यापूर्वीं मोजून दाखवितो. आपलें अंग कापडाहून व लांकडाहून हलकें नाहीं. विचारतांना आवाज नम्र ठेवावा पण प्रश्न सोडूं नये. "डॉक्टरसाहेब, आपण कराल तें बरोबरच असेल, पण मला समजलें म्हणजे मी स्थिर पडून राहीन," असें म्हटलें तर रागीट डॉक्टरालाही त्यांत आपला फायदा दिसतो.

तिसरी गोष्ट, इलाज चालू असतांना. आधींच ठरवून घ्यावें: "मी डावा हात वर केला कीं क्षणभर थांबा." घशांत नळी असली तरी हात बोलूं शकतो. जागा बधिर करण्याची सुई दिली असेल तर तिला गुण येण्यास थोडा वेळ लागतो. चिमटा जाणवत असेल तर दांत आंवळून सोसूं नये, "अजून कळतें आहे" असें सांगावें. श्वास रोखूं नये, हळूहळू सोडावा, म्हणजे अंग सैल पडतें. आणि कोणी अंगावर खेंकसलेंच तर त्या वेळीं भांडूं नये. "साहेब, रागावूं नका, मला भीति वाटते आहे, काय करूं तेवढें सांगा," इतकेंच म्हणावें. मात्र रक्त वाहातें आहे, मूल अडलें आहे, श्वास कोंडला आहे, अशा वेळीं डॉक्टर हुकूम देईल तो ऐकावा. घाईचा तुटक शब्द आणि तुच्छतेचा शब्द यांत फरक आहे. पहिला जीव वांचविण्यासाठीं असतो.

चौथी गोष्ट, नंतरची. अपमान झाला तर घरीं येऊन पारावर शिव्या देण्यापेक्षां त्याच दिवशीं कागद करावा. तारीख, वेळ, खोली, काय घडलें, कोण हजर होतें, एवढेंच लिहावें. मीठमिरची लावूं नये. प्राथमिक आरोग्य केंद्राची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे व जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाची जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, मोठ्या सरकारी इस्पितळाची अधिष्ठात्याकडे, आणि डॉक्टराच्या वर्तनाची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करतां येते. खासगी इस्पितळांसाठीं १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखालील नियम २०२१ सालीं सुधारले आहेत. त्यांप्रमाणें रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागीं लावणें त्यांना भाग आहे. भिंतीवर ती नसेल तर "सनद कोठें आहे?" असें विचारावें. आपले कागदही मागावे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणें मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आंत ते मिळाले पाहिजेत. अर्जाची पोंच घ्यावी. एका माणसाचा अर्ज टोपलींत जातो, दहा घरांच्या सह्यांचा अर्ज टेबलावर राहतो, हा अनुभव आपल्याला पाटबंधारे खात्यांत आलाच आहे.

आणि एक गोष्ट कधींही करूं नये. डॉक्टरांच्या अंगावर हात टाकूं नये, दवाखान्याच्या कांचा फोडूं नयेत. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण कायद्याच्या भीतीनें आम्ही हें सांगत नाहीं. ज्या गांवांत डॉक्टराला मार बसतो त्या गांवांत पुढच्या वर्षीं डॉक्टर राहात नाहीं, आणि मग रात्रीं बाळंतीण घेऊन चाळीस मैल जाण्याची पाळी त्याच गांवावर येते. उलट, जो डॉक्टर नीट बोलतो, रात्रीं उठतो, गरिबाला खुर्ची देतो, त्याचें नांव ग्रामसभेंत घ्यावें, दोन ओळींचें आभाराचें पत्र त्याच्या वरिष्ठांकडे धाडावें. तक्रारीचा अर्ज लिहिणारा हात कौतुकाचें पत्र लिहिण्यासही तयार असला म्हणजे त्या अर्जाला वजन येतें.

शेवटीं डॉक्टर मंडळींस दोन शब्द. "गरज सरो वैद्य मरो" ही म्हण लोकांच्या कृतघ्नपणावर रचलेली आहे, आणि लोक कृतघ्न असतात ही गोष्टही कांहीं अंशीं खरी आहे. पण आमचे लोक वैद्याचे शब्द मात्र विसरत नाहींत. वीस वर्षांपूर्वींच्या बाळंतपणांत कोणत्या बाईनें डोक्यावरून हात फिरविला आणि कोणी चापट मारली, हें म्हातारी आजही सांगते. औषधाचें नांव तिला आठवत नाहीं. तिनें सांगितलेली ती गोष्ट ऐकूनच तिची सून दवाखान्यांत यावयाचें कीं घरींच अडून राहावयाचें हें ठरविते. आपल्या एका शब्दावर अशा एका घराचा पुढील निर्णय अवलंबून असतो, इतकें ध्यानांत ठेवून सुई हातीं घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे. आणि रयतेस आमचें सांगणें असें कीं, दवाखान्यांत आपण भीक मागावयास जात नाहीं. सरकारी दवाखाना आपल्या कराच्या पैशानें उभा आहे, खासगी दवाखाना आपल्या घामाच्या पैशानें चालतो. दोन्हीकडे ताठ मानेनें जावें, नम्रपणें बोलावें, खरें सांगावें आणि समजल्यावांचून अंगठा उठवूं नये.